किल्ल्याचं दार सापडतंय का बघा!

बालमित्रांनो, कोकण रेल्वेनं गोव्याकडे जाताना कणकवली आणि कुडाळच्या मधे 'सिंधुदुर्ग' नावाचं स्टेशन लागतं. पाटी वाचून तुम्ही "आला किल्ला!" म्हणत टुणकन उडी मारून उतरलात, तर मात्र पंचाईत होईल हं! कारण स्टेशनाबाहेर ना समुद्र, ना तटबंदी. दिसतील ती आंब्या-काजूची झाडं, जांभ्या दगडांचे गडगे आणि तांबड्या मातीचे रस्ते. हे आहे ओरोस. १ मे १९८१ रोजी जुन्या रत्नागिरी जिल्ह्याचे दोन भाग झाले. दक्षिणेकडच्या भागाला नाव मिळालं सिंधुदुर्ग, आणि नव्या जिल्ह्याचा कारभार चालवायला ओरोसला नवी नगरी वसवली. तिचं नाव सिंधुदुर्गनगरी. जिल्हाधिकाऱ्यांची कचेरी, जिल्हा परिषद, सगळं इथंच.

पण ज्याच्या नावावर हे सगळं चाललंय, तो मूळचा सिंधुदुर्ग इथून तीसेक किलोमीटर लांब, मालवणच्या समुद्रात उभा आहे. तेव्हा सामान उचला, आईबाबांना हाक मारा आणि कसालवरून मालवणला जाणारी एस.टी. पकडा. तासाभरात मालवणचा बाजार येईल, मग धक्का, आणि मग होडीवाल्याची आरोळी. "बेगीन बसा, भरती इली!" बेगीन म्हणजे लवकर, आणि इली म्हणजे आली. मालवणी बोलीतले हे दोन शब्द पाठ करून ठेवा, उपयोगी पडतील.

होडी सुटली, की एक खेळ खेळायचा. किल्ला समोर दिसतोच आहे, काळपट तटाची लांबच लांब रांग. आता त्याचं दार शोधा! नजर डावीकडून उजवीकडे फिरवा, पुन्हा उजवीकडून डावीकडे आणा. नुसते बुरूजच बुरूज. होडी तर सरळ भिंतीवर आपटायला निघाल्यासारखी चालली आहे, आणि होडीवाला निवांत! दहा-पंधरा मिनिटं अशी जातात. अगदी जवळ आल्यावर, दोन भक्कम बुरुजांच्या बेचक्यात, एक वाट आत वळलेली दिसते. त्या वळणाच्या पोटात आहे दरवाजा. त्याला दिल्ली दरवाजा म्हणतात. समुद्रावरून येणाऱ्या शत्रूला तो दिसतच नाही, मग तो तोफ डागणार कशावर? बरं, दिसला तरी हत्तीनं किंवा ओंडक्यानं धडक मारायला समोर मोकळी जागाच नाही. वळणावर गर्दी झाली, की वरच्या बुरुजांवरून दगड, तेल, गोळ्या जे हाताला लागेल ते खाली! किल्ल्यांच्या भाषेत अशा दाराला गोमुखी दरवाजा म्हणतात. रायगडावर आहे, इतर पुष्कळ गडांवर आहे. पण समुद्रातून पाहताना ही युक्ती जितकी पटते तितकी डोंगरावर पटत नाही, असं माझं मत.

आता थोडं मागं जाऊ या. शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीकडे आरमार उभारायला सुरुवात केली, तेव्हा कोकणच्या समुद्रावर हुकमत होती दुसऱ्यांचीच. गोव्याला पोर्तुगीज, जंजिऱ्याला सिद्दी, शिवाय इंग्रज आणि डच व्यापारी होतेच. समुद्रात जायचं तर पोर्तुगीजांकडून परवाना घ्यावा लागे. आपल्या अंगणात खेळायला शेजाऱ्याची परवानगी! सिद्दीचा जंजिरा तर काही केल्या हाती येईना. मग महाराजांनी ठरवलं, की आपणच समुद्रात असा किल्ला बांधायचा, की तोही कुणाच्या हाती येऊ नये. मालवणच्या किनाऱ्यासमोर कुरटे नावाचं खडकाळ बेट होतं. तेवढंच निवडलं. मोठ्या बंदरासमोरचं मोठं बेट नव्हे, हे लक्षात घ्या.

का बरं? तर त्या बेटाच्या भोवती पाण्याखाली खडकच खडक आहेत. भरतीला ते बुडतात, ओहोटीला त्यांची डोकी वर येतात. मालवणच्या कोळ्यांना त्यातल्या वाटा पाठ. परक्या जहाजाचा कप्तान मात्र नकाशा घेऊन आला, तरी तळ फुटायची धास्ती. म्हणजे तट बांधण्याच्या आधीच समुद्रानं एक तट फुकट बांधून दिला होता! याच खडकांमुळे आज मालवणच्या पाण्यात पोवळी आणि रंगीत मासे सापडतात. या भागाला १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर केलं, तेही त्यांच्यासाठीच.

बांधकामाची सुरुवात झाली २५ नोव्हेंबर १६६४ रोजी. मालवणच्या किनाऱ्यावर एक खडक आहे, त्याला 'मोरयाचा धोंडा' म्हणतात. त्यावर गणपती, सूर्य, चंद्र कोरलेले आहेत. महाराजांनी तिथं पूजा करून कामाचा मुहूर्त केला, असं मालवणात सांगतात. किल्ला बघायला आलेले बहुतेक लोक हा धोंडा न बघताच परत जातात. तुम्ही तसं करू नका. धक्क्यापासून तो लांब नाही.

किल्ला बांधणाऱ्याचं नाव हिरोजी इंदुलकर. हो, तेच, रायगड बांधणारे! पण रायगडावर पाया खणताना पाण्याच्या लाटा येत नव्हत्या. इथं दिवसातून दोनदा भरती. ओहोटीची वेळ साधून काम करायचं, आणि पाणी चढायच्या आत दगड असा घट्ट बसवायचा, की रात्रीच्या लाटेनं तो हलता कामा नये. साधा चुना ओला असताना समुद्रानं धुऊन नेला असता. मग काय केलं? पायाचे दगड बसवताना शिशाचा रस ओतला. शिसं हा मोठा गमतीचा धातू. लोखंड वितळवायला दीड हजार अंश सेल्सियसहून जास्त उष्णता लागते, शिशाला सव्वातीनशे अंश पुरतात. म्हणजे किनाऱ्यावर भट्टी पेटवून कढईत ते वितळवता येतं. सांध्यात ओतलं, की घट्ट होऊन दगड जखडून टाकतं. शिवाय लोखंडासारखं खाऱ्या पाण्यात गंजून त्याचा भुगा होत नाही. जुन्या बखरींत या कामाला पाच खंडी शिसं लागल्याचा उल्लेख येतो.

काम चाललं तीन वर्षं. पण ती तीन वर्षं कसली होती ते आठवा. १६६५ च्या फेब्रुवारीत महाराज याच मालवणहून गलबतांचा ताफा घेऊन कर्नाटकातल्या बसरूरवर गेले. त्याच वर्षी जूनमधे मिर्झाराजे जयसिंगाबरोबर पुरंदरचा तह झाला आणि तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले. १६६६ साली महाराज आग्र्याला कैदेत! तुमच्या इतिहासाच्या पुस्तकात हे सगळे धडे ओळीनं येतात, आणि त्यात सिंधुदुर्ग बहुधा एका वाक्यात आटोपतो. पण तिकडे एकेक गड हातचा जात होता, राजा शत्रूच्या पहाऱ्यात होता, आणि इकडे समुद्रात एक नवा किल्ला उभा राहत होता. १६६७ साली तो पुरा झाला. मला तर या किल्ल्याची हीच गोष्ट सगळ्यांत जास्त आवडते.

चला, आता आत. दाराशी देवड्या आहेत, म्हणजे पहारेकऱ्यांच्या बसायच्या जागा. वर नगारखाना. आत शिरल्यावर मारुतीचं छोटंसं देऊळ. मग लगेच तटावर जाणारा जिना पकडा. असे ४५ दगडी जिने तटाच्या आतल्या अंगाला आहेत. शत्रू कुठल्याही बाजूनं आला, तरी शिपायांना चटकन वर चढता यावं म्हणून इतके. तट सुमारे ३० फूट उंच आणि १२ फूट रुंद आहे. वरच्या या चालायच्या रस्त्याला फांजी म्हणतात. कडेला जी दातऱ्यांसारखी उंच-सखल भिंत दिसते त्या चर्या, आणि तिच्यातली तिरपी भोकं म्हणजे जंग्या. जंगीला डोळा लावून बघा. आतून बाहेरचं बरंच पाणी दिसतं, पण बाहेरच्याला आतला माणूस टिपणं कठीण.

आता एक गणित. घाबरू नका, सोपं आहे. किल्ल्याचं क्षेत्र आहे सुमारे ४८ एकर. एवढी जागा चौरस असती, तर तिच्याभोवती तट किती लांबीचा लागला असता? जेमतेम पावणेदोन किलोमीटर. प्रत्यक्षात तट आहे जवळजवळ तीन किलोमीटर! बेट काही चौरस नाही, हे कबूल. पण जादाची बरीचशी लांबी गेली ती वळणांत. तट सापासारखा नागमोडी आहे. सरळ भिंत बांधली, की तिच्या पायथ्याशी चिकटलेला शत्रू वरच्या शिपायाला दिसत नाही. भिंत वाकवली आणि मधेमधे बुरूज पुढे काढले, की एका बुरुजावरचा शिपाई शेजारच्या बुरुजाचा पायथा सांभाळतो. शिवाय लाटांचा मारा एका सरळ भिंतीवर धाडकन न बसता वळणावळणावर वाटला जातो. एकूण बुरूज किती? कुणी ४२ मोजतं, कुणी ५२. वळण आणि बुरूज यांतला फरक मोजणाऱ्यागणिक बदलतो! तुमच्या वर्गाची सहल आली, तर दोन तुकड्या करा आणि दोन बाजूंनी मोजत निघा. भांडण नक्की!

जगात अशा तटांची गावं आणखीही आहेत. जर्मनीत नर्डलिंगन नावाचं एक जुनं गाव आहे. पंधरा कोटी नव्हे, दीड कोटी वर्षांपूर्वी आकाशातून एक मोठी उल्का तिथं पडली आणि सुमारे पंचवीस किलोमीटर रुंदीचा खळगा झाला. त्या खळग्यात हे गाव वसलं. १३२७ साली त्याच्याभोवती नवा तट बांधायचा हुकूम झाला. तो सारा तट अजून शाबूत आहे, सुमारे पावणेतीन किलोमीटर, आणि त्याच्या वरून चालत गावाची पूर्ण प्रदक्षिणा घालता येते. म्हणजे आपल्या सिंधुदुर्गाच्या तटाएवढीच चाल! पण त्याला दरवाजे आहेत पाच. पाच दारं म्हणजे पाच कुलपं, पाच ठिकाणचे पहारेकरी. तिथं एक दंतकथा सांगतात. १४४० साली शेजारच्या सरदारानं पहारेकऱ्यांना लाच दिली आणि रात्री एका वेशीची कडी काढून ठेवायला लावली. एक बाई त्या वाटेनं जात होती. बघते तो काय, एक डुक्कर वेशीच्या दाराला अंग घासतंय, आणि दार हलतंय! तिनं आरडाओरडा केला आणि गाव वाचलं. तिथल्या उंच मनोऱ्यावरून अजूनही रात्री पहारेकरी ठरलेली हाळी देतो. डुकराच्या उपकाराची एवढी आठवण ठेवणारं दुसरं गाव माझ्या ऐकिवात नाही!

आपल्या हिरोजींनी ती कटकटच ठेवली नाही. मुख्य दार एकच, तेही लपवलेलं.

तटावरून खाली आलात, की वाटेत दोन छोट्या घुमट्या दाखवतील. त्यांत चुन्यात उमटलेले एका हाताचा आणि एका पायाचा ठसे आहेत. ते महाराजांचे, अशी इथली पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा. पुढे शिवराजेश्वराचं देऊळ लागतं. हे राजाराम महाराजांच्या काळात, १६९५ साली बांधलं. त्या वेळी राजाराम महाराज कुठे होते ठाऊक आहे? तमिळनाडूतल्या जिंजीच्या किल्ल्यात, मोगलांच्या वेढ्यात! इतक्या लांबून, एवढ्या संकटातून वडिलांच्या देवळाची आठवण ठेवली. देवळातली मूर्ती आपण चित्रांत बघतो तशी नाही. तिला दाढी नाही. एरवी मूर्तीवर मुखवटा असतो, त्यामुळे हे चटकन लक्षात येत नाही. आणि गंमत बघा, ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला. त्यांत महाराष्ट्रातले अकरा, त्यांतला एक सिंधुदुर्ग. आणि बारावा जिंजी. बापलेकांचे किल्ले पुन्हा एका यादीत आले.

तहान लागली असेल ना? समुद्राच्या मधोमध पाणी कुठलं, असं वाटेल. पण इथं गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. नावं ऐकूनच तोंडाला पाणी सुटेल: दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव! बाव म्हणजे विहीर. चारी बाजूंना खारं पाणी असून हे गोडं कसं? कोकणात पाऊस पडतो धो धो, वर्षाला तीन मीटरच्या आसपास. म्हणजे सगळा साठवला, तर तुमच्या वर्गाच्या छतापर्यंत! त्यातलं थोडं बेटाच्या खडकांच्या फटींत आणि मातीत मुरतं. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून ते खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. विहीर बेताची खोल खणली, की गोडं लागतं. हावरटपणानं फार खोल खणली किंवा पंपानं भसाभस उपसली, की खालचं खारं वर येतं. पाण्याशिवाय तट कितीही उंच असला, तरी वेढ्यात आठवडाभरसुद्धा निभाव लागत नाही. म्हणून या किल्ल्याचं खरं बळ तटात की विहिरींत, यावर वाद घालता येईल. मी विहिरींच्या बाजूनं!

मग असा किल्ला शेवटी पडला कसा? मराठ्यांच्या राज्याच्या वाटण्या झाल्यावर सिंधुदुर्ग कोल्हापूरच्या छत्रपतींकडे आला. १७६५ साली मुंबईहून इंग्रजांचं आरमार चालून आलं आणि त्यांनी तो घेतला. घेतल्यावर त्याचं नाव काय ठेवलं माहीत आहे? 'फोर्ट ऑगस्टस'! मालवणात ते नाव कुणाच्या जिभेवर बसलं नाही. पुढच्याच वर्षी पैसे आणि करार घेऊन इंग्रजांनी किल्ला परत दिला. पण १८१२ च्या तहात कोल्हापूरकरांना मालवण कायमचं इंग्रजांच्या हवाली करावं लागलं. त्यानंतर या तटावरून कुणावर तोफ डागायची वेळच आली नाही.

तोफा थांबल्या, पण माणसं राहिली. हो, या किल्ल्यात अजून लोक राहतात! किल्ल्याच्या चाकरीत असलेल्यांचे वंशज, हिंदू आणि मुसलमान दोन्ही. त्यांची घरं, माड, तुळशीवृंदावनं तुम्हाला देवळाच्या वाटेवर दिसतील. इथंच दोन फांद्या फुटलेला एक नवलाचा माड होता. माडाला कधी फांद्या फुटतात का? याला फुटल्या होत्या. जुन्या सहलींच्या फोटोत तो हटकून सापडेल. आईबाबांच्या अल्बममधे शोधा. तो विजेनं गेला.

राहणारी कुटुंबंही आता मूठभरच उरली आहेत. कारण सोपं आहे. शाळा, दवाखाना, बाजार, नोकरी, सगळं पलीकडच्या किनाऱ्यावर. तुम्हाला शाळेची बस चुकली, तर बाबा स्कूटरवरून सोडतात. इथल्या मुलांची होडी चुकली, तर? आणि पावसाळ्यात तर होडी चुकायचाही प्रश्न नाही, कारण ती सुटतच नाही. जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत प्रवाशांच्या होड्या बंद. खडकांवर लाटा अशा फुटतात, की किनाऱ्यावरून किल्ला अर्धा दिसेनासा होतो. तांदूळ, डाळ, मीठ-मिरची, औषधं यांची बेगमी आधीच करून ठेवावी लागते. कुणी आजारी पडलं, तर समुद्राची मर्जी बघायची. म्हणून एकेक घर मालवणात बिऱ्हाड करतं, आणि किल्ल्यातल्या दाराला कडी लागते. नर्डलिंगनच्या तटाआड दुकानं आहेत, शाळा आहेत, म्हणून तिथं गाव टिकलं. सिंधुदुर्गाभोवती पाणी आहे. ज्या पाण्यानं शत्रूला बाहेर ठेवलं, तेच आता आतल्या माणसाला बाहेर काढतंय.

तटाचंही तसंच. २०१० सालापासून हा किल्ला राष्ट्रीय महत्त्वाचं संरक्षित स्मारक आहे. पण लाटांना ते कुणी सांगायचं? पश्चिमेच्या बाजूला फांजीवर उभं राहून खाली वाकून बघा, मात्र आईचा किंवा बाबांचा हात धरून. काही ठिकाणी दगड निसटलेले दिसतील. भिंतीच्या फटींत पिंपळ-वडाची रोपंही रुजतात आणि मुळं फुगली, की दगड सरकवतात. आणि तिसरा शत्रू म्हणजे खिळ्यानं तटावर नाव कोरणारा 'बंड्या' किंवा 'पिंकी'. त्यांचीही नावं तुम्हाला तिथं वाचायला मिळतील, बाण आणि बदामासकट!

जायचं कधी? दिवाळीच्या सुट्टीत सगळ्यांत उत्तम. समुद्र शांत असतो आणि पाणी नितळ. किंवा नारळी पौर्णिमेला मालवणला जा. त्या दिवशी किल्ल्यात जायला होडी नाही मिळणार, पण बंदरावर दर्याला नारळ वाहायला अख्खं गाव लोटतं. नारळ लढवायचा खेळही रंगतो. एकानं नारळ हातात धरायचा, दुसऱ्यानं आपला नारळ त्यावर आपटायचा, ज्याचा फुटेल तो हरला! आणि ओहोटी असेल, तर दांडीच्या किनाऱ्यावर चक्कर मारा. पाणी मागं हटतं आणि समोरच्या पद्मगडाच्या छोट्या बेटापर्यंत वाळूची वाट उघडी पडते. महाराजांच्या आरमाराची गलबतं या पद्मगडाच्या आडोशाला बांधत आणि दुरुस्त करत. तिथवर पायी जाता येतं, पण भरतीची वेळ कुणा जाणत्या कोळ्याला विचारूनच पाऊल टाका. त्याला घड्याळ लागत नाही.

परतीच्या होडीत पुन्हा मागं वळून बघा. होडी सुटताना दिल्ली दरवाजा अगदी समोर असतो. पन्नासपर्यंत अंक मोजा, आणि मग तो बोटानं दाखवा पाहू.